खडीचा रस्ता आणि दोन सायकली

दिवाळी सरली, भाताची कापणी-झोडणी आटोपली आणि खाचरांत नुसती धसकटे उरली, की शहापूर-मुरबाडच्या परिसरात रविवारी पहाटे एक नवे दृश्य आढळू लागते. ठाणे, मुलुंड, डोंबिवलीकडून आलेल्या मोटारींच्या पाठीवरून सायकली उतरविल्या जातात. शिरस्त्राणे आणि हातमोजे चढविलेले पाच-दहा स्त्री-पुरुष हमरस्ता सोडून किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे या बाजूंच्या आडरस्त्यांना लागतात. त्यांच्या सायकली वरवर पाहता शर्यतीच्या सायकलींसारख्या दिसतात. परंतु टायर जाड, पस्तीसपासून पन्नास मिलिमीटरपर्यंत रुंदीचे, चढणीसाठी हलके गिअर, आणि बांधणी अशी की खडी, मुरूम, बैलगाडीची चाकोरी यांपैकी काहीही वर्ज्य नसावे. डांबर संपले की सर्वसाधारण सायकलस्वार उतरतो. या मंडळींची सहल तेथून सुरू होते.

‘ग्रॅव्हल बायकिंग’ हे या विहाराचे रूढ नाव. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात २००६ पासून खडीच्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची शर्यत होत आली आहे, आणि २०२२ साली या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत झाली. इंग्लंडमधील काही हौशी मंडळी १९५५ पासून ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचा संघ काढून जे मुकाट्याने करीत होती, त्याला आता बाजारपेठ लाभली आहे, इतकेच. बाजारपेठ लाभली म्हणजे किंमतही ठरली. अशा सायकलीला आपल्याकडे पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत रुपये मोजावे लागतात. हौसेला मोल नसते हे खरे. तेव्हा त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. उलट, आठवडाभर लोकलच्या गर्दीत घुसमटलेला माणूस रविवारी स्वतःच्या पायांच्या बळावर चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून येतो, ऐन-सागाच्या रानातून जातो, ओढ्याच्या फरशीवर क्षणभर टेकतो, यात आनंद मानण्याजोगेच पुष्कळ आहे.

सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने दुसरी सायकल जाते. तिला गिअर नसतात. पुढे तारेची टोपली, मागे कॅरिअरला आवळलेले दप्तर, क्वचित त्यावर धाकटे भावंड. चालविणारी मुलगी आठवी-नववीत शिकणारी असते. पाडा आणि माध्यमिक शाळा यांत तीन, चार, पाच किलोमीटरांचे अंतर असते. खडी लागली की ती खाली उतरते आणि सायकल हाताशी धरून चालू लागते. रविवारच्या पाहुण्याला जो तुकडा सर्वांत प्रिय, नेमका तोच तिला सर्वांत अवघड. एकाच रस्त्यावरून चोवीस तासांच्या अंतराने जाणाऱ्या या दोन सायकलींचे हितसंबंध परस्परविरोधी आहेत काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. रस्ते कोणासाठी, कोणत्या रुंदीचे आणि कोणत्या वेगाचे बांधावयाचे, हा सबंध प्रश्न त्यात दडलेला आहे.

तोस्काना आणि डोळखांब

शहरातील सायकलप्रेमींच्या बोलण्यात अलीकडे एक इच्छा वारंवार डोकावते. हे रस्ते असेच राहावेत, यांवर डांबर पडू नये, अशी ती इच्छा. तिला आधारही परदेशातून मिळतो. इटलीतील तोस्काना प्रांतात गायोले या गावी १९९७ साली ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू झाली. जुन्या बनावटीच्या सायकली घेऊन जुन्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांवरून जावयाचे, आणि ते रस्ते डांबराखाली गाडले जाऊ नयेत म्हणून लोकमत जागे करावयाचे, असा तिचा उघड हेतू होता. आज ती फेरी जगप्रसिद्ध झाली आहे. २००७ पासून तशाच रस्त्यांवर व्यावसायिकांची शर्यतही होते, आणि खडी हीच त्या मुलखाची शोभा ठरली आहे.

उदाहरण मोठे मोहक आहे. परंतु ते शहापूरला लागू करताना एक गोष्ट विसरली जाते. तोस्कानातील खडीच्या रस्त्याच्या टोकाला द्राक्षमळा असतो आणि मळेवाल्यापाशी मोटार असते. डोळखांबच्या पलीकडे आजापर्वताच्या पायथ्याशी जाणाऱ्या रस्त्याच्या टोकाला ठाकरांचा किंवा कातकऱ्यांचा पाडा असतो, आणि पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून चिखल तुडवीत डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यांवरून गर्भवतींना अशा रीतीने न्यावे लागल्याच्या बातम्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे पडणारा पाऊस अडीच हजार मिलिमीटरांच्या घरातला. तेव्हा हिवाळ्यात कुरकुर वाजणारी तांबूस खडी पावसाळ्यात काय रूप घेते, हे डिसेंबरातील पाहुण्याला दिसत नाही. त्याने ज्याला रानातील शांतता म्हटले, ती पुष्कळ ठिकाणी एस. टी. न पोचल्याची शांतता असते.

म्हणून पाड्याला बारमाही रस्ता हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली, तेव्हा सपाटीवरील पाचशे लोकवस्तीच्या आणि डोंगराळ व आदिवासी भागातील अडीचशे लोकवस्तीच्या वस्त्या जोडण्याचे माप ठरविण्यात आले. माप उदार असले तरी सह्याद्रीच्या कुशीत विखुरलेले पन्नास-शंभर उंबऱ्यांहूनही लहान पाडे त्यात बसत नाहीत. मधे वनखात्याची जमीन लागली की आणखी एक अडसर. वास्तविक २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या शिफारशीवरून रस्त्यासारख्या सोयीसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देण्याची वाट मोकळी केली आहे. हेक्टरी पंचाहत्तरांहून अधिक झाडे पडू नयेत एवढीच तिची मुख्य अट. ही तरतूद पाड्यावरच्या माणसाला ठाऊक नसली तर नवल नाही. ती कचेरीतील माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसावी, असे कामाच्या गतीवरून वाटते.

वेग कोणाचा?

तथापि, रस्ता पक्का करणे आणि रस्ता रुंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या नियोजनात त्यांची बेमालूम गल्लत होते. ग्रामीण रस्त्याचे एकपदरी डांबर प्रमाणानुसार पावणेचार मीटर रुंदीचे असते. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाची साइडपट्टी असते, किंवा असावयास हवी. एवढ्या रस्त्यावरून एस. टी. जाते, रुग्णवाहिका जाते, भाताचा ट्रॅक्टर जातो. समोरून दुसरे वाहन आले तर एकाला साइडपट्टीवर उतरावे लागते आणि म्हणून दोघांनाही वेग आवरावा लागतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष असेल. पायी चालणाऱ्याच्या आणि सायकलवाल्याच्या दृष्टीने तेच संरक्षण आहे. गतिरोधकावर होणारा खर्च वाचवून रस्त्याची अरुंदता ते काम फुकट करीत असते.

परंतु रस्ता थोडा बरा झाला की लगेच तो दुपदरी करण्याची मागणी पुढे येते. आणि ती मागणी पाड्यावरून क्वचितच येते. ती येते फार्महाऊसचे तुकडे पाडून विकणाऱ्यांकडून, विसावागृहे काढणाऱ्यांकडून आणि शनिवारी संध्याकाळी मुंबईहून निघून दोन तासांत तलावाकाठी पोचू पाहणाऱ्यांकडून. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये कायदा कडक करण्यात आला, म्हणून तेवढी तरी जमीन कागदावर शाबूत आहे. कुणब्याच्या वाट्याला आलेल्या वरकस जमिनीला तसे संरक्षण नाही. रुंद रस्त्यामुळे जमिनीची किंमत वाढते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. ती वाढ कोणाच्या पदरात पडते, याचे उत्तर मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही. त्यासाठी तालुक्याच्या गावी जाऊन फेरफाराची वही चाळावी लागेल.

वेगाची गरजच नाही, असे कोणीही म्हणणार नाही. पण या दोन तालुक्यांना वेगवान रस्त्यांची वाण आहे काय? शहापुरातून मुंबई–आग्रा महामार्ग जातो. मुरबाडातून कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग जातो. त्यांच्या जोडीला नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग आला. ७०१ किलोमीटरांच्या या रस्त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि तो शहापूर तालुक्यातूनच उतरतो. त्यावर सायकलीला तर नाहीच, दुचाकी वाहनांनाही मज्जाव आहे. असल्या रस्त्यावर तो असणे रास्तच. जेथे मोटार ताशी शंभराहून अधिक वेगाने धावते, तेथे सायकल असू नये. परंतु मग त्याच न्यायाची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. ज्या तालुक्याने आपली जमीन देऊन एवढा वेग सामावून घेतला, त्याच्या पोटातील लहान रस्त्यांवर सायकलीचा आणि पायांचा हक्क पहिला आहे, असे धोरणाने म्हणावयास काय हरकत आहे? २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत ३२ हजारांहून अधिक पादचारी आणि ४ हजारांहून अधिक सायकलस्वार होते. ही माणसे वेगाने जात नव्हती. वेग त्यांच्या अंगावर आला.

टोपलीच्या सायकलीचा हिशेब

येथे कोणी म्हणेल की सायकल हे मागे पडलेले वाहन आहे. गावोगाव मोटारसायकली झाल्या, मग सायकलीसाठी धोरण कशाला? वरकरणी हे म्हणणे पटण्यासारखे आहे. सायकलीला बिल्ला लावून नगरपालिका कर घेत असत, तो काळ आता आजोबांच्या आठवणीत उरला. ‘ॲटलस’सारख्या नामांकित कंपनीने २०२० साली आपला अखेरचा कारखाना बंद केला, आणि तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. तथापि २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील निम्म्या कुटुंबांकडे सायकल आहे. पश्चिम बंगालमध्ये तर हे प्रमाण शेकडा एकोणऐंशीच्या आसपास आहे. शिवाय मोटारसायकल घरात आली तरी तिची किल्ली कोणाच्या खिशात असते? ती बापाच्या किंवा भावाच्या खिशात असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला कायद्यानेही ती चालविता येत नाही. तिचे वाहन म्हणजे सायकल किंवा पाय.

याचा अर्थ काय होतो हे बिहारने दाखवून दिले आहे. तेथे २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशित प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची भरती शेकडा ३२ ने वाढली, आणि मुलगे व मुली यांच्या भरतीतील तफावत शेकडा ४० ने घटली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हा परिणाम मुख्यतः शाळेपासून तीन किंवा अधिक किलोमीटर दूर असलेल्या गावांत दिसला. म्हणजे मुलींनी शाळा सोडण्याचे कारण अभ्यासाचा कंटाळा हे नव्हते. ते अंतर होते. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील १२५ मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरांच्या परिघात राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली देण्याची योजना राबविण्यात आली. चांगली योजना, पण तिच्यात सायकलीची तरतूद आहे, रस्त्याची नाही. एका खात्याने सायकल द्यावी, दुसऱ्याने रस्ता करावा आणि दोघांनी एकमेकांची तोंडे पाहू नयेत, ही आपली जुनीच रीत. बिहारची जमीन गंगेकाठची, सपाट. शहापूर-मुरबाडची जमीन चढउताराची आणि ओढ्याओहोळांची. तेथील सायकलीचा हिशेब येथे जसाच्या तसा उतरावयाचा, तर मधल्या मोऱ्या, साकव आणि साइडपट्ट्या यांचा खर्च सायकलीच्या किमतीतच धरावयास हवा. नाही तर सायकल घरात उभी राहते, आणि मुलगी आश्रमशाळेत जाते किंवा घरी बसते.

पाहुण्याने काय द्यावे?

रविवारचा सायकलस्वार या सबंध व्यवहारात नेमका कोठे बसतो? त्याच्याविषयी कडवटपणा नको. मोटार घेऊन येणाऱ्या आणि धबधब्याखाली बाटल्या फोडणाऱ्या पाहुण्यापेक्षा तो शतपटीने बरा. परंतु तो गावात किती पैसे सोडतो, हे पाहिले तर निराशा होते. पाणी तो घरून आणतो, न्याहारी महामार्गावर करतो, आणि ऊन चढण्याच्या आत परत फिरतो. त्याच्या सायकलीची ट्यूब किन्हवलीच्या पंक्चरवाल्याकडे मिळत नाही. तोही ती बरोबर बाळगतो. ‘ग्रामीण पर्यटनातून विकास’ हे शब्द परिसंवादात फार शोभून दिसतात. प्रत्यक्षात चहाच्या दोन पेल्यांपलीकडे विकास जात नाही.

शहापूरला हा व्यवहार अनोळखी नाही. तानसा तलाव १८९२ साली पुरा झाला, तेव्हापासून हा तालुका मुंबईला पाणी पाजीत आला आहे. पुढे मोडकसागर झाला, भातसा झाले. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी आज एकट्या भातसा धरणातून येते. आणि मार्च-एप्रिल उजाडला की याच तालुक्यातील पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत असतात. निसर्गाने दिलेली वस्तू शहराने न्यावी आणि जेथून नेली तेथे तिचीच टंचाई असावी, हा अनुभव गाठीला असताना, आता शांतता नावाची दुसरी वस्तू त्याच अटींवर नेली जाणार काय, अशी शंका आली तर ती गैर म्हणता येणार नाही.

मुरबाडहून वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढून गेले म्हणजे माथ्यावर एक प्रचंड दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल याच वाटेने जुन्नरला जाई, आणि त्यावरची जकात या रांजणात जमा होई, असे परंपरा सांगते. आजच्या पाहुण्याकडून जकात घ्यावी असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. नाक्यांचा सुकाळ आहेच. त्याच्यापाशी पैशाहून मोलाची एक वस्तू आहे, ती म्हणजे त्याचा आवाज. तो बँकेत, कचेरीत, महाविद्यालयात, संगणकाच्या कंपनीत काम करतो. त्याने लिहिलेल्या अर्जाला पोच मिळते. त्याच्या भ्रमणध्वनीत प्रत्येक आडरस्त्याचा, प्रत्येक खचलेल्या मोरीचा नकाशा आपोआप उमटलेला असतो. हा नकाशा मित्रमंडळींत मिरविण्याऐवजी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे आणि ग्रामसभेकडे गेला, तर पाड्यावरची मुलगी ज्या ठिकाणी सायकलीवरून उतरते ती सर्व ठिकाणे कागदावर येतील. मात्र त्याने मागणी करावयाची ती ‘डांबर नको’ अशी नव्हे. डांबर हवे, पावणेचार मीटरच हवे; साइडपट्टी मुरमाची, दाबलेली आणि दोन्ही अंगांना हवी; पाड्याच्या आणि शाळेच्या आसपास वेगाला मर्यादा हवी. अशा साइडपट्टीवर त्याचे जाड टायर सुखाने चालतील आणि तिचे बारीक टायर डांबरावर. खडीची हौस भागविण्यास बांधावरच्या चाकोऱ्या आणि धरणांकडे जाणारे जुने कच्चे रस्ते पुष्कळ उरतात. मात्र त्यांतील अभयारण्याच्या हद्दीतले रस्ते वनखात्याच्या परवानगीवाचून वापरावयाचे नसतात, याचे भान हवे.

रेल्वेचाही यात वाटा आहे. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्थानके या सहलींची नैसर्गिक प्रवेशद्वारे. पण कसारा लोकलमध्ये सायकलीसाठी राखून ठेवलेली जागा नाही, म्हणून सायकल आणण्यासाठी मोटार आणावी लागते. शांततेच्या शोधार्थ चार मोटारी गावात आणावयाच्या, यातील विनोद सायकलस्वारांनाही कळतो. रविवारी पहाटेच्या एखाद्या गाडीत अर्धा डबा मोकळा ठेवल्याने उपनगरी वाहतूक कोलमडणार नाही.

राहता राहिला साइडपट्टीचा प्रश्न. रस्त्याच्या अंदाजपत्रकात तिची बाब असते. परंतु पैसा अपुरा पडला की पहिली कात्री तिलाच लागते, कारण उद्घाटनाच्या दिवशी छायाचित्रात डांबर दिसते, मुरूम दिसत नाही. ठेकेदार डांबर टाकून मोकळा होतो, आणि डांबराची कड जमिनीपासून वीतभर उंच राहते. समोरून जीप आली की मुलीला त्या कडेवरून खाली उतरावे लागते. उतरताना ती पडते. जूनच्या आत तेथे मुरूम पडून रोलर फिरला नाही, तर पहिल्या दोन पावसांत कडेची माती ओढ्याला जाते, आणि शाळा सुरू होते ती नेमकी त्याच पंधरवड्यात.